लोड होईपर्यंत

आमच्या यांना काही ठरवायला सांगायचं असेल तर आपण आधी जेवून घ्यावं. नव्या चपलेचा रंग ठरवायला या माणसाने एकदा तीन रविवार घेतले आणि शेवटी जुनीच चप्पल शिवून आणली. पण धंदाच तसा, त्याला मी तरी काय करणार? हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर जबड्याचा साचा पाठवतात, हे त्यावर मेण चढवतात, दात बसवतात, घासतात, पुन्हा घासतात. केसभर चुकलं तरी कुणाच्या तरी हिरडीला जखम होते. तीस वर्षं हेच केल्यामुळे यांना वाटतं, जगातली प्रत्येक गोष्ट आधी मेणात करून बघता आली पाहिजे.

तर या माणसाने कॉम्प्युटरचा प्रोसेसर बदलायचा की नाही, हे ठरवायला दोन वर्षं घेतली. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली ती छोटी चौकोनी चिप, जी सगळा विचार करते. आमच्या प्रोसेसरची विचार करायची गती साधारण यांच्याएवढीच होती, म्हणून दोघांचं इतके दिवस जमलं.

कॉम्प्युटर मुळात आमच्या लेकीचा. कॉलेजात असताना हट्टाने घेतला, आणि नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली तेव्हा तिच्या खोलीत तसाच ठेवून गेली. जाताना बापाला एक गेम शिकवून गेली. त्यात दोघांनी आपापला ट्रक घेऊन घाटातून माल पोचवायचा. ती तिकडच्या तिच्या खोलीतून, हे इथून, आणि बोलायचं माईकवर. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता. कान दुखतात म्हणून हे हेडफोन घालत नाहीत, स्पीकर लावतात. आणि चालवतात कसे? खोट्या रस्त्यावरही वळायच्या आधी इंडिकेटर देतात. आजूबाजूला चिटपाखरू नसताना लाल दिव्याला थांबतात. लेक डोंगरापलीकडे पोचलेली असते आणि हे मागे कुठेतरी दिवा हिरवा व्हायची वाट बघत असतात.

आता एवढ्या जुन्या प्रोसेसरवर तो गेम चालायचा कसा, तर रडतखडत. सुरू व्हायलाच चार-साडेचार मिनिटं. पडद्यावर एक पांढरी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची आणि आतला पंखा असा घोंघावायचा की एकदा शेजारीण विचारायला आली, तुमचा मिक्सर बिघडलाय का म्हणून. सुरू झाल्यावर ऐन वळणावर चित्र गोठायचं, आणि सुटेपर्यंत यांचा ट्रक दरीत. मग लेकीने माघारी येऊन दोर बांधून ओढायचा. प्रोसेसर बदल म्हणून ती दर रविवारी सांगायची आणि हे दर रविवारी 'बघतो' म्हणायचे.

मी घरात जुनी वस्तू टिकू देत नाही, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. दांडा हलला की पातेलं भंगारात. सगळ्यांना वाटलं, तो डबा काढा म्हणून पहिला तगादा माझाच असणार. आणि मी म्हणायची, कशाला? चांगला चालतोय की. हे चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहायचे.

कारण सांगते, हसू नका. लेक मला रोज फोन करते. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो. नवीन काय? काही नाही गं आई. संपलं. मी तिची आई आहे की हजेरी घेणारी बाई, तेच मला कळेनासं होतं. पण रविवारी पाचला ती पट्टी सरकत असते तेव्हा बापलेकीला दुसरं काही करताच येत नाही. तिचा गेम केव्हाच सुरू झालेला असतो, ती ट्रकमध्ये बसून वाट बघत असते. रिकामं बसलेलं माणूस बोलेल नाही तर काय करेल? म्हणून ती बोलते. ऑफिसात तिचं टेबल झेरॉक्सच्या मशीनशेजारी हलवलं. खोलीतली मैत्रीण दुसरीकडे राहायला गेली, आता ही एकटीच, उभ्याउभ्या काहीतरी खाऊन घेते. मागच्या थंडीत तीन दिवस ताप होता, पण आईला सांगू नकोस.

आई दाराबाहेरच होती. मी एका शिंप्याला काज-बटणं करून देते, आणि रविवारी पाचला माझं स्टूल नेमकं त्या खोलीच्या दाराशी येतं, उजेड तिथेच चांगला असतो म्हणून. तापाचं ऐकलं त्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाची बाही मनगटाशी शिवून बंद करून टाकली. शिंप्याने शर्ट उचलून विचारलं, वहिनी, या माणसाने हात बाहेर काढायचाच नाही का?

म्हणजे बघा, तो मंद प्रोसेसर होता म्हणून मला माझी पोर कळत होती. तो बदलला की ती चार मिनिटं जाणार, आणि मग तिचं बरंवाईट मला कोण सांगणार? हे तर विचारल्यावर 'मजेत आहे' म्हणून मोकळे होतात. पण हे बोलणार कुणापाशी? मी दाराशी बसून चोरून ऐकते असं कबूल करू? मूग गिळून बसले.

यांनी तोवर काय काय नाही केलं! प्लास्टर झटकायच्या मऊ ब्रशने कॉम्प्युटर आतून साफ केला. पट्टी किती वेळात सरकते ते घड्याळ लावून वहीत उतरवलं. दुकानात जाऊन इतके प्रश्न विचारले की कॉम्प्युटरवाला यांना लांबून येताना बघितलं की आतल्या खोलीत जायचा. ठरलं मात्र काही नाही, आणि मी मनातल्या मनात खूश होते.

मग तो रविवार आला. पट्टी अर्ध्यावर जाऊन अडली. यांनी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा अडली. तिसऱ्यांदाही तेच. मग लेक म्हणाली, "राहू दे बाबा आज. तुझं सुरू होईपर्यंत माझा रविवार संपतो."

चिडून नाही, थकून म्हणाली. हे बाहेर आले, माझ्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, "मी तिचा वेळ खातो का गं?"

हिला बापाबरोबरचा रविवारच नकोसा झाला, तर मी दाराशी बसून ऐकणार काय? मीच म्हणाले, उद्याच्या उद्या जा आणि घेऊन या.

गेले. आणि जन्मात पहिल्यांदा या माणसाने घाई केली. प्रोसेसर घेऊन आले, कॉम्प्युटर उघडला, चष्मा चढवला आणि बसवायला गेले तर तो बसेचना. खाचा वेगळ्या, आकार वेगळा. ज्या माणसाने तीस वर्षांत एकही कवळी साच्यावर बसवून बघितल्याशिवाय दिली नाही, त्याने जबडा न बघताच दात आणला होता. कॉम्प्युटरवाल्याने सांगितलं की याला मदरबोर्डच नवा लागेल, आणि नव्या बोर्डाला जुनी मेमरी चालणार नाही. मी म्हटलं, एका दातासाठी अख्खा जबडा बदलायचा तर. हे दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत.

पण बदललं सगळं. पुढच्या रविवारी बटण दाबलं आणि मी सुईत दोरा ओवते न ओवते तोच गेम सुरू. पट्टी दिसलीसुद्धा नाही. आतला पंखा असा गप्प की मला वाटलं बंदच आहे. मग तासभर काय ऐकू आलं? डावीकडे घे. ब्रेक मार. पुढे उतार आहे. यांचा ट्रक एकदाही दरीत गेला नाही, लेक खूश झाली, हेही हसले. मी अकरा बटणं लावली, एकही वाकडं नाही. आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले, खोटं कशाला सांगू.

त्या आठवड्यात फोनवर तिचा आवाज बसल्यासारखा येत होता. मी रोज विचारलं, आणि रोज काही नाही गं आई. माझा जीव टांगणीला. नोकरीचं काही झालं की तब्येतीचं, काही कळायला मार्ग नाही.

रविवार उजाडला तो कडाक्याची थंडी घेऊन. हे स्वेटर, मफलर घालून पाचला बसले. गेम उघडला. मला दारातून कॉम्प्युटरचा पडदा दिसत होता. यांचा ट्रक दिवे लावून जाग्यावर तयार उभा. स्पीकरमधून लेकीचा आवाज आला, तोच, बसलेला.

"बाबा, झालं का तुझं लोड?"

यांचा हात बटणाकडे गेला होता. तो तिथेच थांबला.

"नाही अजून," हे म्हणाले. "होतंय. तू बोल."

सुई माझ्या बोटात शिरली. डॉक्टरला आपणहून सांगणारा हा माणूस, की साहेब, या कवळीचा पुढचा दात जरा तिरका बसलाय, तो चक्क खोटं बोलत होता. म्हणजे यांनाही ती चार मिनिटं हवी होती. इतकी वर्षं एका घरात राहून मला ते कळलं नव्हतं.

लेक म्हणाली, "नवीन प्रोसेसर आहे ना? आणि पंख्याचा आवाज कुठे येतोय?"

यांना खोटं बोलायची सवय नाही, एका वेळी एकच जमतं. हे इकडे तिकडे बघायला लागले आणि दारात मी दिसले, मांडीवर शर्ट घेऊन.

मी उठले. तिच्याच कपाटावर टेबल फॅन होता, चादरीत गुंडाळलेला. तो काढला, माईकशेजारी ठेवला आणि फुल्ल लावला. घोंघों करत गार वारा थेट यांच्या नाकावर. फॅनचं पातं दर फेऱ्याला जाळीला लागतं, टक टक टक. शाळेत असल्यापासून ती त्याच फॅनच्या वाऱ्यात झोपत आलेली.

पलीकडून ती नाक ओढून म्हणाली, "हां. आता आला."

आणि मग म्हणाली, "बाबा, मला थोडे दिवस घरी यायचंय."

मी माझं स्टूल उचलून आत नेलं आणि यांच्या शेजारी ठेवलं. त्या रविवारी ट्रक काही जागचा हलला नाही, आणि यांना आठवडाभर सर्दी झाली.