तात्यांच्या ताब्यातली होडी

धरणात पाणी साचो न साचो, आमच्या दूध सोसायटीच्या ओट्यावर किस्से साचतातच! दुष्काळात दूध आटलं की सेक्रेटरीला, म्हणजे मला, दुसरं काम तरी काय? निम्मे किस्से तात्यांचे. आरमारातून रिटायर होऊन ते गावी आले आणि सोसायटीच्या रिकाम्या गोडाऊनात त्यांनी चक्क आरमाराचं म्युझियम काढलं. जहाजांचे फोटो, पितळी घंटा आणि कोकणातून ट्रकवर आणलेली लाकडी होडी. बिंदुसरा धरण समोरच, पण ठणठणीत कोरडं!

*

ऊसतोडीवरून आलेली पारूबाई समुद्राचा फोटो बघून म्हणाली, "एवढं पाणी हाय, तर टँकर कावून न्हाई भरत?"

"खारं हाय ते, पारूबाई."

"मग इतकी वर्षं राखण कशाची करत होता?"

तात्यांनी त्या दिवशी म्युझियम लवकर बंद केलं.

*

तात्यांनी पहिल्यांदा घंटा वाजवली, तर अख्खी आळी हंडे घेऊन धावली. टँकर आला वाटलं सगळ्यांना! तात्या लई ओशाळले. पुढं टँकर आला की तेच घंटा वाजवायचे.

*

एकदा चेअरमननी विचारलं, "तात्या, जहाज तुमच्या ताब्यात होतं का?"

"न्हाई बे, भात होता! कुक होतो मी."

सगळे हसले, तेही हसले. मग होडीवरून हात फिरवत म्हणाले, "एकदा धरण भरू द्या. हिच्यावर हुकूम माझा!"

*

धरण भरलं नाही, चारा छावणी मात्र भरली. जनावरांना पाणी पाजायला हौद नव्हता. तात्यांनी स्वतःच होडी काढून दिली. देताना डोळे भरले होते त्यांचे. धुवायला सोपं जावं म्हणून चेअरमननी तिच्या तळाला भोक पाडलं आणि लाकडाची खुंटी ठोकली. तात्यांना सांगायचं राहूनच गेलं.

*

शेवटी एका पावसाळ्यात धरण भरलं! तात्या इस्त्रीचा पांढरा ड्रेस घालून आले. मी आणि चेअरमन होडीत बसलो, तात्यांनी वल्हं मारलं. काठापासून जरासं गेलो अन् खुंटी निघाली! चेअरमन टाचेनं भोक दाबत सगळं सांगून मोकळे झाले. माझा जीव अजून हळहळतो. किती वाट बघितली होती माणसानं!

पाणी कमरेइतकंच होतं. "उतरा दोघं," तात्या म्हणाले. आम्ही उड्या मारून काठ गाठला.

"तात्या, तुमी पण या की!"

होडी खाली चालली होती. तात्यांनी टोपी सरळ केली आणि ताठ बसले.

"तिला तळाला लागू द्या आधी. जहाज माझ्या ताब्यात हाय!"