नोंदीत न मावलेले नाना

"थांब माय, पहिले समजू दे," असं म्हणून नाना खुर्ची फिरवत आणि कॉम्प्युटरकडे सरळ पाठ करून बसत. मग अर्धा तास, तास, काहीच नाही. समोर नुसती भिंत. जळगावच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने आलेल्याला पहिल्या दिवशी वाटायचं, या माणसाचं घरी भांडण झालेलं दिसतंय.

तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल. आठवून पाहा.

मी नशिराबादची. घरात पदवी घेतलेली पहिलीच. कॉलेजामुळे नोकरी लागली, काम मात्र नानांनी शिकवलं. ते पन्नाशीचे, धुळ्याकडचे, वर्षावर्षाच्या करारावर. बायकोची शाळा फैजपूरला, त्यामुळे पुण्याला जायचा प्रश्नच नव्हता. "गेलो असतो तर तिथली पोरं मला आबा म्हटली असती," म्हणायचे.

आम्ही केळी पिकवायच्या खोल्यांचं तापमान सांभाळणारं सॉफ्टवेअर करत होतो. एका व्यापाऱ्याच्या खोलीत रोज दुपारी उगाच धोक्याची घंटा वाजायची. आम्ही तिघं दोन दिवस कोड उपसत होतो. नाना तासभर भिंतीकडे बघून वळले.

"तिकडे दुपारी लाइट जास का?"

"जाते ना."

लाइट परत आली की यंत्राचं घड्याळ मागे पडत होतं आणि नोंदींच्या वेळा जुळत नव्हत्या, एवढंच. नानांनी माझ्याच कॉम्प्युटरवर बसून चार ओळी बदलल्या. "बठ्ठं बराबर शे," सगळं ठीक झाल्याचं सांगून म्हणाले, "आता चहा सांग."

त्याच सुमारास कंपनीने एक नवा प्रोग्राम बनवायला घेतला. कॉम्प्युटरवर काय उघडलंय, टायपिंग किती चाललंय, माउस कुठे फिरतोय, यावरून माणूस कोणतं काम करतोय ते त्याने आपोआप ओळखायचं. नवा कोड, दुरुस्ती, वाचन, मीटिंग. त्याला शिकवायला आधी माणसाने हाताने नोंदी करून द्याव्या लागतात. ते काम कंपनी चालवणाऱ्या सरांनी मला दिलं. कामांच्या या यादीतला पाचवा शब्द होता 'रिकामा'.

नानांच्या भिंतीपुढच्या तासाला काय लिहू, हे मी सरांना विचारायला हवं होतं. मी नानांनाच विचारलं. ते हसले. "रिकामा लिही. त्याला दिसून दिसून काय दिसणार, माझी पाठ!" मी तसं लिहिलं. घंटेची दुरुस्ती माझ्या कॉम्प्युटरवर झाली होती, ती माझ्या नावावर गेली.

प्रोग्राम भराभर शिकला. त्याच्या पहिल्याच अहवालात नाना अर्ध्याहून जास्त वेळ रिकामे होते. करार संपायला तीन महिने राहिले होते. सरांनी त्यांना आत बोलावलं.

दुसऱ्या दिवसापासून नाना स्क्रीनकडे तोंड करून बसू लागले. उजवा हात माउसवर, माउस गोल गोल. फाइल उघड, फाइल बंद कर. मी अडचण घेऊन गेले की म्हणत, "पटकन सांग माय." माझ्या जागेवर येऊन बसले असते तर तेवढा वेळ त्यांच्या नावावर पुन्हा रिकामा लागला असता. एकदा हळूच म्हणाले, "हात थांबला की भीती वाटते. हात चालू असला की काही सुचत नाही." त्यांचा रिकामा वेळ जवळजवळ संपला. त्यांचं अडचणी सोडवणंही संपलं.

मी सरांकडे गेले. "सर, ती घंटेची दुरुस्ती नानांची होती."

सर रागावले नाहीत. "तसं लेखी दे. तुझ्या पर्मनंटच्या कागदांना जोडून टाकतो."

माझ्या पर्मनंट होण्यात त्या दुरुस्तीचा मोठा वाटा होता. घरी वडिलांनी पेढ्यांची ऑर्डरसुद्धा ठरवून ठेवली होती. मी म्हणाले, "उद्या देते."

नानांना कळलं तेव्हा ते खरोखर चिडले. "वेडी आहेस का? अजिबात लिहू नको." त्यांचं ऐकणं मला फार सोपं गेलं, हे आज कबूल करते.

त्यांचा करार वाढला नाही. ते फैजपूरला गेले.

पर्मनंट झाले त्याच आठवड्यात मी ते पत्र लिहिलं, आणि भिंतीकडे बघत विचार करणंही काम म्हणून मोजावं, असं त्यात जोडलं. सर म्हणाले, "सूचना चांगली आहे," आणि यादीत सहावा शब्द घातला, 'विचार'. आता प्रोग्रामला तो शिकवायचा म्हणजे महिनाभराची उदाहरणं हवीत. कोणी विचार करत बसलं की तो वेळ मी टिपायचा.

महिना संपला. रकाना कोरा आहे. कीबोर्डवरून हात काढून दहा मिनिटं बसायला आमच्याकडे कोणीच तयार नाही. मीसुद्धा नाही.