उपाशीपोटी एक पेढा

आमच्या गावात शहाण्या माणसांचा तुटवडा कधीच नव्हता. डोंगरकडा गावाहून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं, आणि तिथं घरटी एक डॉक्टर आहे, फक्त पदवी कुणाकडे नाही. शुगरला कारलं, बीपीला लसूण आणि जखम कसलीही असो, हळद. हळदीच्या मुलखात जन्मल्याचा एवढा माज मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. मी स्वतः हिंगोलीला एका कार्यालयात कारकून आहे. माझं शहाणपण पुढे येईलच.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, गावच्या महादेवाचे पुजारी. वैशाखात दुपारी देवळाच्या अंगणातली फरशी अशी तापते की दर्शनाला आलेली माणसं उड्या मारत सावली गाठतात. आबा मात्र पाण्याची कळशी घेऊन अनवाणी, सावकाश चालायचे. मध्येच उभे राहून कुणाची तरी विचारपूस करायचे. लोक तोंडात बोटं घालायचे. "पुजारीबाबाला चटकाच बसत न्हाई, सेवेचं फळ हाय," म्हणत बायका त्या पायांवर डोकं टेकायच्या. सुरुवातीला आबा "कसलं काय" म्हणायचे. पुढे तेही म्हणेनासे झाले. ज्याला चटका बसत नाही त्याच्या पायाला काहीतरी झालंय, हे एवढ्या गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी तर ही गोष्ट कार्यालयात छाती फुगवून सांगितली होती.

मग गावात तपासणी शिबिर आलं. सकाळी काही न खाता या, असं आशाताई घरोघर सांगून गेल्या होत्या. शाळेत टेबलं मांडली आणि नावं लिहायला मला बसवलं. आबा पूजा आटोपून आले.

"आबा, काही खाल्लं का?"

"न्हाई रे, निरंकार हाय."

मी कागदावर 'उपाशी' लिहिलं. आबा खोटं बोलले नव्हते. पूजेनंतर वाटीभर पंचामृत आणि एक पेढा हे त्यांचं रोजचंच, पण आमच्या घरात प्रसाद हे खाणं नव्हेच. एकादशीचा उपास त्यानं मोडत नाही, मग डॉक्टरांचा कसा मोडेल? आणि हे मला पक्कं ठाऊक होतं, कारण त्याच डब्यातला पेढा तोंडात टाकून मी टेबलावर येऊन बसलो होतो.

शुगर भलतीच निघाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "नक्की उपाशी होते का हे?" तेव्हा कुठे माझी अक्कल जागी झाली. म्हटलं, तसा प्रसाद घेतलाय. बाई वैतागल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाल्या, "एका पेढ्यानं एवढी वाढत नाही. हिंगोलीला तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी करा, तिला उपाशी राहावं लागत नाही. आणि नुसती शुगर नको, तिथं पायही दाखवा, शुगरनं ते बधिर होतात." त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

वाटेत आबा म्हणाले, "पेढ्याची शुगर हाय ती, पेढ्यासंगं जाईल. काहून उगाच हिंगोलीला जायाचं?"

मी आठवडाभर हिंगोलीतच राहणारा माणूस. मी "व्हय" म्हणालो. चिठ्ठी शर्टाच्या खिशात राहिली आणि धुण्यात तिचा लगदा झाला.

पुढच्या उन्हाळ्यात आबांच्या तळव्यात नारळाच्या करवंटीची कपची घुसली. किती दिवस ती तशीच घेऊन हिंडत होते, त्यांनाही माहीत नाही. आईला अंथरुणावर डाग दिसले तेव्हा कळलं. लगेच गावातले सगळे बिनपदवीचे डॉक्टर जमले आणि हळदीचे लेप सुरू झाले. मी रविवारी घरी गेलो तेव्हा वासानंच उमगलं. नांदेडला नेलं. उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली. तिथले डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आला असता तर गोळ्या, पथ्य आणि मऊ चप्पल यावर भागलं असतं. मी मान हलवली. चिठ्ठीचं काही बोललो नाही.

आबा घरी आले तर बघायला गाव लोटलं. "बोटं गेली, पर मलमपट्टी करताना म्या हूं का चूं केलं न्हाई," आबांनी सांगितलं, आणि समोरच्या माणसांनी पुन्हा हात जोडले. मला त्या सगळ्यांची शिसारी आली. हीच माणसं पुढे आबांच्या पायात मऊ चप्पल बघून कुजबुजली, की पुजाऱ्यानं देवळाच्या अंगणात असं फिरावं का. आईनं त्यांना दारातच झापलं, तेव्हा गप्प बसली. पण खिशात चिठ्ठी घेऊन हिंडलेला माणूस आमच्या घरात एकच होता, आणि त्याला झापायला कुणी आलं नाही.

आता डावा पाय वाचवायचा आहे. आबा गोळ्या घेतात, पेढा बंद आहे. दर रविवारी मी त्यांचे पाय तपासतो. डॉक्टरांनी शिकवलंय ते सोपं आहे. त्यांनी डोळे मिटायचे, मी एकेका बोटाच्या टोकाला अलगद स्पर्श करायचा, कळलं की त्यांनी सांगायचं.

परवाच्या रविवारी ओसरीवर बसलो होतो. आबांनी डोळे मिटले. मी डाव्या अंगठ्याला बोट लावलं.

"कळलं," आबा म्हणाले.

शेजारच्या बोटाला लावलं. "कळलं." मला बरं वाटलं. तिसऱ्या बोटाच्या नखाजवळ काहीतरी काळसर दिसलं म्हणून मी हात मांडीवर ठेवून नुसता वाकून बघत होतो.

"कळलं," आबा म्हणाले. "हेबी कळलं."

मी वर पाहिलं. त्यांनी डोळे गच्च मिटले होते आणि ओसरीची कड दोन्ही हातांनी धरली होती.

"आबा, म्या अजून हातच लावला न्हाई."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"मग लाव की," ते म्हणाले. "जरा जोरात लाव."