जिनिंगमधला परदेशी फिटर

पांढरकवड्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, तो मला एकदाच भेटला. टांझानियाहून येऊन इथलीच बोली बोलू लागलेला हा फिटर तिथल्या मशिनी सांभाळायचा. दोन हंगाम बंद पडलेली जिनिंग त्याच्या हाताने सुरू झाली, आणि तिच्यामागोमाग फाटकासमोरची चहाची टपरीही, असे लोक सांगत.

बाबांनी वेचलेला शेवटचा कापूस मी त्यांच्यामागे वर्षभर घरात ठेवला होता. विकवत नव्हता. उंदीर लागले तेव्हा नाइलाजाने घेऊन गेलो, तर माल पाहणारा म्हणाला, "पिवळा पडला न भाऊ. वापस न्या."

फिटर शेजारीच उभा होता. त्याने पोत्यात हात घातला, चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांनी ओढला, तंतू आपल्या काळ्या पँटच्या गुडघ्यावर पसरले आणि बराच वेळ पाहिले.

"वरून पिवळा हाय. धागा नाही तुटून राह्यला. घ्या साहेब."

"तू मशीन पाह्य न, लेका," माल पाहणारा हसला. पण पोती आत घ्यायला त्याने सांगितले.

"कोणी वेचला?" फिटरने मला विचारले.

"बाबांनी. ते गेले."

त्याने मान हलवली. "पत्ती नाही, कचरा नाही. माही मायही असाच वेचे, दंव वाळल्यावर." गुडघ्यावरचे तंतू टिपत म्हणाला, "तिच्या शेवटच्या कापसाची सरकी दुसऱ्यानं काढली. मी इथं होतो."

मग मजुराला बाजूला करून बाबांचा कापूस त्याने स्वतःच मशीनवर टाकला.