बास्केटवर भरोसा नसलेले सर

आमच्या बास्केटबॉलच्या सरांचा या जगात कशावरच भरोसा नव्हता, आणि त्यातही सगळ्यात कमी भरोसा कशावर असेल तर तो बास्केटवर. पोहायला शिकवणाऱ्या माणसाला पाण्याचाच संशय यावा, तसं हे प्रकरण होतं. खामगावच्या आमच्या कॉलेजात ते खेळाचे शिक्षक होते आणि मुलींचा संघ त्यांच्याकडे होता. मी नांदुऱ्याहून रोज एसटीनं कॉलेजला यायचे. शाळेच्या मैदानावरच्या एका गंजलेल्या रिंगमध्ये बॉल टाकता टाकता माझा हात चांगला बसला होता, त्यामुळे संघाच्या निवडीच्या दिवशी मी लांबून एकामागून एक बास्केट टाकल्या. बाकीच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. सर सावकाश चालत माझ्याजवळ आले, मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "तू खुश होऊन राह्यली काय वं?" मी हो म्हणाले. "तेच तर," असं म्हणून त्यांनी मला रांगेच्या अगदी शेवटी नेऊन उभं केलं.

त्यांचं म्हणणं असं, की स्पर्धा डिफेन्सवर जिंकतात. बास्केट ही नशिबाची गोष्ट आहे, आज पडते, उद्या पडत नाही. त्यातून ती पडली की माणूस आनंदतो, आणि आनंदलेला माणूस मागं पाहत नाही. "हात बेइमान असतात, पाय इमानदार असतात," हे ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवायचे की मला परीक्षेत पेपर लिहितानासुद्धा स्वतःच्या हाताचा संशय यायचा. टाळ्या तर त्यांना मुळीच सहन होत नसत. टाळ्या वाजल्या म्हणजे कुठंतरी कोणीतरी मोकळं सुटलं आहे, हा त्यांचा पक्का हिशेब. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एका मुलीच्या गाण्याला टाळ्या पडल्या, तेव्हा पहिल्या रांगेतले सर दचकून मागं वळून पाहत होते, हे मी स्वतः बघितलं आहे.

पहिला महिनाभर तर त्यांनी आम्हाला बॉल दिलाच नाही. गुडघे वाकवायचे, हात पसरायचे आणि खेकड्यासारखं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकायचं, एवढंच. मैदानाला लागून कापसातली सरकी काढायचं जिनिंग होतं. हंगामात तिथून कापसाचे तंतू उडत यायचे, आमच्या केसांना चिकटायचे आणि आम्ही सगळ्या अकाली म्हाताऱ्या झाल्यासारख्या दिसायचो. कंपाउंडची भिंत एका ठिकाणी पडलेली होती. एक दिवस तिथून एक म्हैस आत शिरली आणि थेट कोर्टाच्या मधोमध येऊन उभी राहिली. आम्ही दगड शोधायला लागलो, तर सरांनी शिट्टी वाजवली. म्हशीला हात लावायचा नाही, आवाज करायचा नाही, फक्त समोर उभं राहून तिला बाहेर घालवायचं, असा हुकूम झाला. त्या म्हशीसमोर आमचा अख्खा संघ गुडघे वाकवून नाचत होता आणि ती शांतपणे रवंथ करत होती. मग तिनं एकदम डावीकडे मान वळवली, आम्ही सगळ्या डावीकडे धावलो आणि ती उजवीकडून निघून रिंगखाली जाऊन बसली. सरांचा चेहरा कौतुकानं उजळला. "पाह्य, नजर कुठं अन जाते कुठं," ते म्हणाले. आमच्यापैकी कोणाच्याही वाट्याला एवढं कौतुक त्या वर्षी आलं नाही.

ते आम्हाला नावानं हाक मारत नसत. खरी नावं समोरच्या संघाला कळू नयेत म्हणून त्यांनी ज्या त्या पोरीला तिच्या गावाचं नाव दिलं होतं. मी नांदुरा, आमची कप्तान जळंब, आणि उंच होती ती शेगाव. सामना ऐन रंगात आला की सर कडेनं ओरडायचे, "नांदुरा, जळंब, शेगाव, मांगं, मांगं," आणि प्रेक्षकांतल्या एखाद्या म्हाताऱ्याला गाडी फलाटाला लागली की काय असं वाटायचं. दुसऱ्यांच्या मैदानावर गेलो की ते खिशातून गाठ मारलेली दोरी काढायचे, बाकावर चढायचे आणि रिंगची उंची मोजायचे. यजमान कॉलेजनं केळी वाटली, तर त्यांच्या पोरी तीच केळी खातात का, हे पाहिल्याशिवाय आमच्या तोंडात घास जात नसे. एकदा आमच्या कप्तानच्या बहिणीच्या लग्नात जेवणाच्या रांगेत एक गृहस्थ मधे घुसायला लागले. सर ताट हातात धरून, त्यांना तसूभरही स्पर्श न करता, असे काही डावी-उजवीकडे सरकले की त्या गृहस्थांना मठ्ठ्यापर्यंत पोहोचताच आलं नाही. ते नवरीचे सख्खे मामा निघाले.

घरीही तोच कारभार. त्यांच्या मिसेस शाळेत शिक्षिका होत्या. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. "लग्नाले इतकी वर्षं झाली, पन मी गॅस बंद केला म्हनलं तरी हे उठून पाहून येतात," असं त्या आमच्यासमोर म्हणायच्या. त्यावर सर शांतपणे उत्तर द्यायचे, "पाहून येन्यात तुझं काय जाते?" आणि खरोखरच उठून स्वयंपाकघरात जाऊन यायचे.

आता या माणसाच्या हाताखाली मी, जिला बॉल रिंगमधून खाली पडतानाचा जाळीचा आवाज देवळातल्या घंटेसारखा वाटायचा, ती कशी टिकले हे माझं मलाच कळत नाही. पण गंमत अशी, की आम्ही जिंकायला लागलो. आमचे गुण कधीच जास्त नसायचे, पण समोरच्यांचे त्याहून कमी असायचे. सामने बघायला रटाळ व्हायचे. आमचे प्राचार्य एकदा अर्ध्यातून उठून गेले आणि निकाल दुसऱ्या दिवशी कळला तेव्हा त्यांनी आमचं अभिनंदन जरा अविश्वासानंच केलं. असं करत करत आम्ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलो. सामना बुलढाण्याला होता, आणि समोर जो संघ होता त्याचे प्रशिक्षक म्हणजे आमच्या सरांचे तरुणपणापासूनचे मित्र.

हे मित्र म्हणजे सरांच्या बरोबर उलट. पोट सुटलेलं, आवाज मोठा आणि हसणं त्याहून मोठं. ते आपल्या पोरींना दिवसभर बॉल टाकायला लावायचे. त्यांचं शास्त्र एका वाक्यात संपायचं, ज्याचे गुण जास्त तो जिंकला. बोथा घाट चढून आम्ही सकाळी बुलढाण्याला पोहोचलो, तेव्हा थंडीनं हात आखडले होते. जेवणाच्या वेळी सर दोरी घेऊन रिंगकडे गेले, तेव्हा ते मित्र आमच्याजवळ येऊन बसले आणि त्यांनी मला विचारलं, की तुझे सर तुला बॉल टाकू देतात की नाही. मी डबा उघडायला लागले. मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. आमचे सर त्यांच्या कॉलेजातले सगळ्यात मोठे शूटर होते. दोघं एकाच संघात होते. अशाच एका अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी सरांनी लांबून बास्केट टाकली, संघ एका गुणानं पुढं गेला आणि सर दोन्ही हात वर करून त्या रिंगकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात समोरच्या संघानं बॉल उचलून दुसऱ्या टोकाला नेला. ज्याला सरांनी अडवायचं होतं, तोच मोकळा सुटला. सामना गेला.

"आम्ही कोनी काई बोललो नाई त्याले," ते मित्र म्हणाले. "त्यानंच स्वतःवर केस टाकली, अन अजून चालूच आहे."

त्या दिवशीचा सामना आमच्या सगळ्या सामन्यांपेक्षाही रटाळ झाला असेल. समोरच्या पोरींना आम्ही बॉल टाकूच देत नव्हतो. सरांच्या त्या मित्रांचं हसणं हळूहळू बंद झालं, प्रेक्षक कंटाळून आरडाओरडा करायला लागले, आणि शेवटची काही सेकंदं उरली तेव्हा आम्ही एका गुणानं मागं होतो आणि बॉल आमच्याकडे होता. सरांनी टाइमआउट घेतला. आम्ही घोळका करून उभ्या राहिलो. बॉल कसा अडवायचा हे आम्हाला झोपेतही सांगता आलं असतं, पण टाकायचा कोणी आणि कसा, हे सरांनी कधी ठरवलंच नव्हतं. त्यांनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं. नजर तीच, बाजारात मेथीची जुडी उलटून बघताना असायची ती. मग ती माझ्यावर येऊन थांबली.

"नांदुरा, तू टाकशील."

 मी म्हणाले, "सर, नाही पडली तर?"

"नाई पडली तर आपन वापस पळू. पडली तरी वापस पळू," ते म्हणाले. "तुले फक्त टाकायचं आहे."

कप्ताननं बॉल माझ्याकडे दिला. समोरची उंच पोरगी हात वर करून अंगावर आली आणि मी तिच्या बोटांवरून बॉल सोडला. सोडल्याबरोबर सवयीनं मागं पळायला लागले, पण मान मात्र रिंगकडे वळलेली होती. बॉल रिंगच्या कडेवर आपटला, वर उडाला, पुन्हा कडेवर टेकला, जरा थांबल्यासारखा झाला आणि आत गेला. मी पुढं बघितलं तर माझ्याही पुढं, कोर्टाच्या कडेनं, आमचे सर धावत होते. त्यांची पाठ त्या रिंगकडे होती. गुडघे वाकलेले, हात पसरलेले, आणि तोंडानं "मांगं, मांगं" चालू. पुढं समोरच्यांनी लांब फेकलेला बॉल शेगावनं उडी मारून अडवला आणि शिट्टी वाजली.

पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. सरांनी आधी गुण लिहिणाऱ्याला निकाल विचारला, मग समोरच्या संघाच्या माणसाला विचारला, मग फळा स्वतः जाऊन वाचला आणि त्यानंतरच ते बाकावर बसले. त्यांचे मित्र आले आणि जिंकलास शेवटी बास्केटनंच, असं म्हणाले. सर म्हणाले, तुझ्या पोरींचे गुण किती झाले ते पाह्य अन मंग बोल. दोघं बराच वेळ भांडले. शेवटी त्या मित्रांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "पडताना पाह्यली न तू आज?"

"पाह्यली न," सर म्हणाले. "सगळ्यांनीच पाह्यली." तेव्हा त्यांची नजर माझ्याकडे आली आणि लगेच दुसरीकडे गेली. मी बॅग भरायला लागले.

आता मी मेहकरला एका शाळेत शिकवते. सर निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या मित्रांना जाऊनही बराच काळ लोटला. मध्यंतरी आमच्या शेगावला तिच्या भावाच्या जुन्या मोबाइलमध्ये त्या सामन्याचा व्हिडिओ सापडला आणि तिनं तो सगळ्यांना पाठवला. दिवाळीत नांदुऱ्याला आले होते, तेव्हा मुद्दाम खामगावला सरांकडे गेले. सर खूप वाळले होते. मॅडमनी चकल्या दिल्या, इकडचं तिकडचं बोलणं झालं, आणि मी मोबाइल काढून व्हिडिओ लावला. सरांनी चष्मा चढवला. पडद्यावर आमच्या पोरी धावत होत्या, कोणाचं तरी डोकं मधे मधे येत होतं. बॉल माझ्या हातात आला आणि सरांनी एकदम मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

"याच्यावर काई भरोसा नाई," ते म्हणाले. "आजकाल काईबी बनवून दाखवतात."

मॅडम आत होत्या. सरांनी एकदा दाराकडे पाहिलं आणि खुर्ची जरा माझ्याकडे ओढली.

"मी नाई पाह्यली त्या दिवशी," ते हळूच म्हणाले. "तू सांग. कशी पडली?"

मी पहिल्यापासून सांगायला लागले. ती उंच पोरगी, तिची बोटं, रिंगच्या कडेवरचा बॉल, सगळं. सर डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी मधे एकही प्रश्न विचारला नाही.