काळीच्या पोटाची चौकशी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. दूधवाल्यानं पातेल्यात दूध ओतलं की मी बोट बुडवून बघते. शाळेत शिकवायला लागून तीस वर्षं होत आली. "बाई, वही घरी राहिली" म्हणणाऱ्या पोराचं दप्तर उघडून बघायची सवय जडली ती जडलीच. आमचे हे म्हणायचे, "तू पोलिसात पाहिजे होतीस." मी म्हणायची, पोलिसात असते तर पहिली झडती तुमचीच घेतली असती. यावर ते पेपर वर धरून हसायचे.

आमची कुत्री लेकीची. लेकीनं भोकरला मैत्रिणीच्या शेतावरून पिल्लू उचलून आणलं, त्याला काहीतरी इंग्रजी नाव ठेवलं आणि वर्षभरात नोकरीला लागून पुण्याला निघून गेली. कुत्री राहिली नांदेडात, आमच्या गळ्यात. अंगावर एक पांढरा केस नाही, म्हणून मी तिला काळी म्हणायला लागले. पहिले सहा महिने मी तिच्यावर नुसती खेकसत होते. मग कधी जीव लागला ते कळलंच नाही. शाळेतून आले की ती फाटकापाशी असा काही गोंधळ घालायची की दिवसभराचा शिणवटा जायचा. एवढ्या आनंदानं माझी वाट आजवर कुणी बघितली नव्हती.

दिवाळीनंतर तिचं पोट बिघडलं. उलट्या, पातळ शी, आणि जेवण समोर ठेवलं की तोंड फिरवायची. आधी मला दुधाचा संशय आला. मग भाकरीच्या पिठाचा, मग दुकानातून आणलेल्या बिस्किटांचा. एकेक बंद करून बघितलं. ती चार दिवस बरी राहायची आणि पुन्हा तेच. मी काडी घेऊन तिची शी उलथून बघायची. कुणाला किळस येत असेल तर येऊ दे. शी पिवळट असायची आणि वर तेलाचा तवंग असल्यासारखी चकाकी. मी घरात तिला तेलाचं काही देत नव्हते. तर मग हे तेल आलं कुठून? कुठंतरी पाणी मुरत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "स्वादुपिंडाला सूज आहे, मॅडम. हिला तेलकट, तुपकट पचत नाही. भात, मुगाचं वरण, उकडलेला दुधी, एवढंच द्या. एक थेंब तेल नको. असाच जोराचा झटका पुन्हा आला तर ही वाचेलच असं मी सांगू शकत नाही." आमचे हे शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून काळीचा स्वयंपाक वेगळा झाला. तिचं पातेलं वेगळं, डाव वेगळा. वरणाला फोडणी नाही, भातावर तूप नाही. पानातलं उरलंसुरलं टाकायला मी सगळ्यांना बंदी केली. सगळे म्हणजे आम्ही दोघंच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी उलटी झाली त्या तारखेवर लाल फुली मारायला लागले. दीड महिना झाला आणि एका दुपारी त्या फुल्या मी ओळीनं वाचून बघितल्या. एक-दोन सोडल्या तर सगळ्या फुल्या रविवारी होत्या.

म्हणजे शनिवारी काहीतरी होत होतं. शनिवारी आमची शाळा सकाळची असते. मी साडेसहाला घर सोडते ते दुपारी येते. बाकीचे पाच दिवस मी तिला खाऊ घालूनच निघते आणि हे तिला फाटकाबाहेर नेत नाहीत. शनिवारीच तेवढे फिरवून आणतात.

यांच्यावर संशय घ्यावा असं मला वाटलं नाही. माझी नजर गेली ती शेजारच्या काकूंकडं.

काकूंचं आणि आमचं कुत्रीवरून वाजलं होतं. उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर सांडगे वाळत घातले, आणि ही महामाया भिंतीवरून उडी मारून नेमकी त्या सांडग्यांवर जाऊन झोपली. काकूंनी तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं होतं, "एक दिवस ह्या कुत्रीकडं बघतेच मी." शिवाय काकू शनिवारच्या. दर शनिवारी अंघोळ करून, रुईच्या पानांची माळ आणि तिळाच्या तेलाची बाटली घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीला जायच्या. आणि एका शनिवारी मी घरी आल्यावर काळीनं माझा हात चाटला, तेव्हा तिच्या तोंडाला तिळाच्या तेलाचा वास आला. आमच्या घरात करडीचं तेल. तिळाचं तेल मी वर्षानुवर्षं आणलेलं नाही. आणखी काय पुरावा पाहिजे?

मी यांना म्हटलं, "शनिवारी तुम्ही घरी असता. त्या बाईवर नजर ठेवा. ती आपल्या कुत्रीला काहीतरी घालतेय."

"ठेवतो की," हे म्हणाले.

"नुसतं ठेवतो म्हणू नका. फाटकाला कडी लावा. फिरायला नेलं तर पट्टा सोडू नका."

"हाव. न्हाई सोडत."

यांचंही त्या दिवसांत मन थाऱ्यावर नव्हतं, आणि त्याला मी कारण होते. पावसाळ्याच्या शेवटी माझ्या छातीत गाठ लागली. लातूरला बहिणीकडं राहून तिथल्या दवाखान्यात तपासणी केली, गाठीचा तुकडा काढून पाठवला. रिपोर्ट यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात हे माणूस अर्धं झालं. आयुष्यात कधी उपास न केलेला, माझ्या चतुर्थीला "आज उपाशी राहून कुणाला हरवणार?" म्हणून विचारणारा हा माणूस. एक दिवस म्हणाले, चुलतभावासाठी देवणीला बैलजोडी बघून येतो. सकाळी गेले ते संध्याकाळी आले, आणि बैलांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. शेतकऱ्याचा पोरगा देवणीचे बैल बघून येतो आणि शिंगांबद्दल, वशिंडाबद्दल गप्प बसतो, हे काही मला पटलं नव्हतं. पण रिपोर्ट चांगला आला, तिथले डॉक्टर दर तीन महिन्यांनी दाखवायला या म्हणाले, आणि त्या आनंदात मी बैल विसरले.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी काळीनं पाच वेळा उलटी केली. शेवटी नुसता पिवळा फेस. माझं डोकं फिरलं. गल्लीत भाजीचा गाडा उभा होता, भोवती सात-आठ बाया होत्या, काकूही मेथी निवडत होत्या. मी सरळ जाऊन विचारलं, "काकू, माझ्या कुत्रीला काय घालता ते खरं सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग आमच्या घराकडं बघितलं. "मी काय बी घालत न्हाई, बाई."

"मग ही दर शनिवारनंतरच कशी बिघडते? तिच्या तोंडाला तिळाच्या तेलाचा वास कसा येतो? गल्लीत शनिवारी तिळाचं तेल घेऊन कोण फिरतं?"

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मेथीची जुडी तिथंच ठेवली आणि घरात निघून गेल्या. मला वाटलं, बरोबर पकडली. खोटं बोलणाऱ्या पोराचा चेहरा मी तीस वर्षं बघत आलेय, तो असाच पडतो. मी बायांना म्हटलं, "बघितलं ना? एक शब्द निघाला का तोंडातून?" त्या वर्षी काकूंच्या हळदीकुंकवाला अर्धी गल्ली गेली नाही. मुक्या जनावराला विष घालणाऱ्या बाईचं वाण कोण घेईल, असं कुणीतरी म्हणालं. ते पहिल्यांदा मीच म्हटलं होतं.

त्यानंतरच्या महिन्यात शनिवारी अमावास्या आली. मी शाळेतून आले तर काळी फाटकाशी नव्हती. ती जिन्याखाली होती. पुढचे पाय जमिनीवर टेकवलेले, मागचा भाग वर, आणि तोंडातून लाळेची तार लोंबत होती. पोटाला हात लावला तर कण्हली. हे तिच्याजवळ उकिडवे बसले होते, चेहरा पांढराफटक.

"कधीपासून?"

"तासाभरापासून."

रिक्षात मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती माझ्याकडं बघत होती आणि मी काकूंना शिव्या घालत होते. दवाखान्यात तिला टेबलावर ठेवल्या ठेवल्या मी डॉक्टरांना सांगितलं, "विष घातलंय. मला माहिताय कुणी घातलंय ते."

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली, हिरड्या दाबून बघितल्या. "खात्री आहे? विषाचं औषध वेगळं आणि जालीम असतं. विष नसताना दिलं तर हिच्या हृदयाला झेपणार नाही. आणि विष असताना नाही दिलं तरी ही जाईल. रक्त तपासून निकाल येईपर्यंत थांबायला वेळ नाही. नक्की काय खाल्लं, ते कुणी बघितलंय का?"

"द्या तुम्ही," मी म्हटलं. "माझी खात्री आहे."

त्यांनी कपाट उघडलं. बाटली काढली, सुई लावली. काळी एकदा थरथरली आणि तिची मान टेबलावर पडली.

"थांबा," हे म्हणाले.

मी वळून बघितलं. हे भिंतीला टेकले होते. मला म्हणाले, "तू जरा भाईर जा."

"का?"

"जा म्हणलो ना. तुझ्यासमोर सांगायचं न्हाई."

"मी हलणार नाही. बोला काय ते."

डॉक्टर म्हणाले, "साहेब, लवकर बोला."

ह्यांनी काळीकडं बघितलं, मग माझ्याकडं. इतका घाबरलेला चेहरा मी ह्यांचा रिपोर्टच्या आठवड्यातही बघितला नव्हता. मग डोळे मिटून म्हणाले, "विष न्हाई. तिळाचं तेल हाय. दोन भाकरी, पिळल्या तर तेल गळंल अशा. मीच घातल्या."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि सलाईनची नळी ओढली. मी यांच्याकडं बघत राहिले. इतके दिवस मी ज्याला राखणीला बसवत होते, तोच हा माणूस.

कंपाउंडर काळीच्या पायाचे केस कापत होता तोवर हे तुटक तुटक सांगत राहिले. देवणीला बैल बघायला गेलेच नव्हते. त्या बाजूच्या एका खेड्यात एक पत्रिका बघणारा आहे, त्याच्याकडं गेले होते. त्यानं सांगितलं, बायकोला शनीची पीडा आहे. घरच्या काळ्या कुत्र्याला आपल्या हातानं दर शनिवारी तेलात भिजवलेली भाकरी घालायची, वर्षभर. तेलाची बाटली स्कूटरच्या डिकीत असायची.

"डॉक्टरांनी सांगितलं होतं ना तुमच्या देखत? एक थेंब नको म्हणून?"

"तवापासून कमीच लावत हुतो. आज शनी अमावास्या, म्हणून…" ते थांबले. "रिपोर्ट चांगला आला नव्हं का तुझा. मग बंद कसं करू? सांग तूच."

"मला सांगायचं तरी."

"तेच तर. बायकोच्या कानावर गेलं की सगळं उलटतं, म्हणला त्यो." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "आता ऐकलंस तू."

मला खूप राग आला होता. ह्यांच्या दोन कानाखाली द्याव्यात इतका. आणि त्याच वेळी मला रडू फुटलं, ते काळीसाठी की ह्यांच्यासाठी, मला कळलं नाही. त्या टेबलावर जीव काळीचा टांगला होता, आणि ह्या माणसाच्या हिशेबी तो वाचवायला त्यानं माझा जीव पुढं केला होता. मी जाऊन काळीच्या डोक्यावर हात ठेवला.

तीन दिवस सलाईन चाललं. चौथ्या दिवशी तिनं भाताची पेज चाटली आणि ती पोटात राहिली. डॉक्टर म्हणाले, वाचली. ह्यांनी डिकीतली बाटली काढून माझ्या हातात दिली आणि मी ती मोरीत ओतली. जीव वाचवायच्या नादात आम्ही दोघंही तिला मारायला निघालो होतो, ह्यांनी तेलानं आणि मी माझ्या खात्रीनं.

मग काकूंकडं जायचं उरलं. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी गेले. त्या ओसरीवर सुपात तूर निवडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "कुत्री कशी हाय?"

"बरी आहे. काकू, तुम्ही काही घातलं नव्हतं. आमच्या ह्यांनीच…"

"ठावं हाय मला."

"तुम्हाला कसं?" मी विचारलं.

"मारुतीच्या मागं पिंपळाखाली दर शनिवारी बघायची मी त्यांला. भाकरी घालून कुत्रीच्या म्होरं हात जोडून उभे ऱ्हायचे. बाप्या माणूस बायकोला चोरून असं कशापायी करतंय, ते कळतंय की. तुमच्या गाठीचं गल्लीत कुणाला म्हाईत न्हाई?"

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत? सगळ्यांसमोर मी तुम्हाला विष घालणारी म्हटलं. तुमच्या दारात बाया आल्या नाहीत."

काकूंनी सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "बोलले असते तर तुमच्या कानावर गेलं असतं, बाई."

मी त्यांच्याजवळ ओसरीवर बसले. माफी मागायला आले होते, आणि त्यांच्या सुपातले खडे वेचायला लागले. काकूंनी सूप खाली ठेवलं आणि माझ्याकडं काळजीनं बघितलं.

"आता कानावर गेलंच हाय," त्या म्हणाल्या, "तवा लातूरला दाखवायला उशीर करू नका."