मी फक्त धरलं

"तू धर. तुमच्या लोकांच्या हातात मुळातच जोर असतो."

सर हे हसत म्हणाले. प्रोसिजर रूममध्ये सहा वर्षांची आरोही टेबलावर, तिची आई दाराशी, दोन सिस्टर आणि माझ्यामागून आठ महिन्यांनी आलेला ज्युनिअर. सगळ्यांनी ऐकलं. ज्युनिअर हातमोजे चढवत होता. सुई त्याला मिळणार होती.

मी धरलं.

रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना पाठीच्या मणक्यातून औषध द्यावं लागतं. मूल कुशीवर झोपवायचं, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीशी. एक हात मानेमागे, एक गुडघ्यांमागे. ते हललं की सुई चुकते. धरणं हलकं काम नाही, मला त्याची लाज नाही. पण एमडी झाल्यावर मी लहान मुलांचा कॅन्सर आणि रक्ताचे आजार यांची फेलोशिप करायला आले होते. ठाण्याच्या त्या हॉस्पिटलात दीड वर्ष मी नुसती धरत होते.

पहिल्याच दिवशी सरांनी विचारलं, घर कुठे? कल्याणजवळ, मोहने. मोहन्यात कुठे? बुद्धविहाराच्या मागे. "अच्छा." तो अच्छा मी शाळेपासून ओळखते. त्याच्यानंतर माणसं फार गोड बोलायला लागतात.

सरही गोड बोलले. शिकणाऱ्या डॉक्टरने स्वतः काय काय केलं ते लॉगबुकात लिहायचं, खाली सरांची सही. नोंदी पुरेशा नसल्या तर परीक्षेचा फॉर्म जात नाही. पहिलं वर्ष संपत आलं तरी माझी पानं कोरी. सर म्हणाले, "अगं, तू हजर होतीस ना? केलं म्हणून लिही. मी सही करतो. कशाला काळजी करतेस?"

आणि मी लिहिलं. सांगताना जीभ जड होते, पण लिहिलं. वर उपकारही मानले. सर फार चांगले आहेत, असं आईला फोनवर सांगितलं. शिकवायचं नाही आणि पास मात्र करायचं. मग उद्या माझा हात चुकला की म्हणायला मोकळे, बघा, यांचे डॉक्टर हे असे. एवढं साधं गणित मला तेव्हा दिसलं नाही.

त्या दिवशी ज्युनिअरची सुई दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागली. आरोही माझ्या दंडात तोंड खुपसून रडत होती. नंतर तिला उशीशिवाय सपाट झोपवलं आणि मी शेजारी बसले. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "तू का नाय टोचत? तुला येत नाय का?"

तिची आई ओशाळली. "अगं, मॅडमना असं बोलतात का?"

"नाही येत," मी म्हणाले.

खरंच येत नव्हतं; एमडीतही ही सुई कधी माझ्या हातात आली नव्हती. ती बाई टिटवाळ्याहून पोरीला घेऊन येते. उद्या मी कल्याणला प्रॅक्टिस सुरू केली की अशाच आया माझ्याकडे येणार, आपली जवळची डॉक्टर म्हणून. त्यांच्या पोरांच्या पाठीवर मी पहिल्यांदा शिकणार, शेजारी सांगणारं कुणी नसताना. सरांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

लॉगबुक काढलं. प्रत्येक खोट्या नोंदीवर आडवी रेघ मारली. शेजारी लिहिलं, फक्त धरलं. तसंच नेऊन सरांच्या टेबलावर ठेवलं.

पानं उलटता उलटता सरांचा आवाज बदलला. "वेडी आहेस का? माझ्या सह्या आहेत यावर. फॉर्म अडेल तुझा. वर्ष जाईल."

"जाऊ दे, सर. मला सही नकोय, सुई हवीय. तुम्ही शेजारी उभं राहून शिकवा. आणि 'तुमचे लोक' परत बोललात तर लेखी तक्रार करेन."

"याचा परिणाम माहितेय तुला?"

"माहितेय."

बाहेर येऊन भिंतीला टेकले आणि आईला फोन लावला. सगळं ऐकून आई म्हणाली, "अगं, एवढी वर्षं शिकलीस, आता शेवटाला कशाला वाकडं घेतेस? सही घे नि सुट." तिचंही चूक नाही. वाट बघून ती थकलीय. मी तिला काही समजावत बसले नाही.

सरांनी शिकवलं नाही. फॉर्म गेला नाही. मी वरच्या कमिटीकडे तक्रार दिली. खोट्या नोंदी माझ्याच हातच्या आहेत, हेही तिच्यात लिहिलं. माझ्यावरही कारवाई होईल. होऊ दे. धर म्हणाले तर आजही धरते, पोर रडत असतं, त्याचा काय दोष? पण धरलं तर धरलं असंच लिहिते. शिकवलं नाही तर शिकवलं नाही असं लिहिते, तारीख घालून. हे माझं शिक्षण आहे, कुणाची मेहेरबानी नाही. ते घेतल्याशिवाय मी इथून हलणार नाही. हाकललं तर दुसरीकडे पहिल्यापासून सुरू करेन. न शिकलेला हात मी कुणाच्याही पोराच्या पाठीला लावणार नाही.